नमुना क्रमांक चौतीस

नागपूर,
१२ मार्च २०२५

प्रिय रुपराव यांस,
अनेक आशीर्वाद.

महाशिवरात्रीला तुम्ही स्वतः येऊन शेतातल्या मिरचीचा वानोळा भेट म्हणून देऊन गेलात आणि मी मेल्याने साधी पोचही दिली नाही. तुमच्या ताईने परवा पाटवडीचा रस्सा केला. नूपुरच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी ताट सोडायला तयार नाही. म्हणाली, "मामाची मिरची आहे, रडूनच खायची असते." निम्म्याहून जास्त मिरची तिखटाला गेली, थोडी अख्खी बरणीत ठेवली आहे, फोडणीला.

तुम्ही डोळ्यांची चौकशी केली होती. निवृत्तीनंतर मी आपल्या मिरची उत्पादक मंडळाचं तपासनिसाचं काम धरलं हे तुम्हाला माहीत आहेच. यंदा मंडळाने नवीन पद्धत काढली. शेतकऱ्यांकडून मिरची मागवायची नाही, पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले फोटो मागवायचे. नाव नाही, गाव नाही, फक्त क्रमांक. मी घरी कॉम्प्युटरसमोर बसायचं, छापील रंगपट्टी हातात धरायची आणि फोटोतला रंग पट्टीशी ताडून शेरा लिहायचा. या कामाने डोळ्यांची आग व्हायची. शेवटी नूपुरने एक सोय करून दिली. ती मिहानमधल्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. आता खोलीतला उजेड उतरला की स्क्रीनही आपोआप मंद होते, आपल्याला हातसुद्धा लावावा लागत नाही. ती आणखीही काही सांगत होती, पण मी म्हटलं, बाई, डोळे थंड झाले, मला तेवढं पुष्कळ आहे.

आता खरी गोष्ट. तुमच्या तालुक्यात काय चाललं आहे हो? चव्वेचाळीस नमुने होते. सकाळपासून बसलो, तेहतीस झाले, एकालाही नाव ठेवायला जागा नव्हती. चहा घेऊन पुन्हा बसलो आणि चक्क अकरा नमुने रंग लावलेले निघाले! मिरचीखालचा पांढरा कागद तांबूस-पिवळा पडलेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या मिरचीचं नाव ऐकून लोक तीस कोस चालत यायचे, तिला हे लोक रंग फासतात! या नमुन्यांतून मंडळाने बियाण्यासाठी वाण निवडायचा, तो तालुकाभर वाटायचा आणि त्यातही चोरी. मी एकालाही सोडलं नाही. अकराही शेरे कडक लिहिले.

तुम्ही फोटो पाठवला असेलच. तुमच्या मिरचीला कोण हात लावणार म्हणा. तुमच्या सौभाग्यवती सिंधूताईंना नमस्कार.

आपला,
अनंत


भिवापूर,
१७ मार्च २०२५

ती. अनंतभाऊजींना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं आणि खरं सांगतो, बरं वाटलं. हाणा त्यांना! मी तर म्हणतो, शेरा कसला लिहिता, नावं चौकात लावा. दोन वर्षांपूर्वी एकाने बाजारात असला माल आणला होता. मी त्याची मिरची त्याच्याच उपरण्यावर घासली, उपरणं लाल झालं. तो म्हणे, "रुपराव, माह्या पोटावर काहून पाय देऊन राहिला गा?" मी म्हटलं, "तू अख्ख्या गावाच्या तोंडाले काळं फासून राहिला, त्याचं काय?"

हो, मी फोटो पाठवला. पद्धत मात्र मला पटली नाही. मिरची मोडून बघायची, कानाशी हलवायची, आत बी वाजतं का ऐकायचं, नाकाशी धरली की ठसका लागला पाहिजे. फोटोला ठसका लागतो का? पण मंडळ म्हणतं तर म्हणू द्या.

यंदा निवड व्हावी असं मला मनापासून वाटतं. बारा वर्षं मी एकेक झाड हेरून, त्याला दोरा बांधून, जुन्या जाड सालीच्या बुटक्या मिरचीचं बी वेगळं काढत आलो. गेल्या साली चुरडा-मुरडा रोग आला आणि सगळं शेत गेलं, बांधावरची सतरा झाडं तेवढी वाचली. यंदाची बियाण्याची रास त्या सतरांचीच लेकरं. मागचं बी शिल्लक नाही. तुम्हाला वानोळा त्याच राशीतून काढला, कारण ताईला दुसरी मिरची देववत नाही.

ताईला सांगा, तिखटात तेल जास्त घालू नको.

आपला,
रुपराव


भिवापूर,
७ एप्रिल २०२५

ती. भाऊजींना नमस्कार.

पाडव्यानंतर मंडळाने यादी लावली. नमुना क्रमांक चौतीस: 'कृत्रिम रंग लावल्याचा दाट संशय. अपात्र.' पुढे माझं नाव, गावासकट.

चौतीस म्हणजे मी, भाऊजी. तुम्ही ज्या अकरांना पकडलं त्यांतला पहिला मी!

मी तीन वेळा वाचलं. मग सिंधूला वाचायला दिलं, म्हटलं माझं काही चुकत असेल. तिनेही तेच वाचलं. गेल्या पत्रात मीच लिहिलं होतं ना, नावं चौकात लावा? लावली. माझंच नाव माझ्या गावात लागलं.

तुमच्यावर राग नाही. तुम्हाला नाव दिसत नव्हतं, फोटो गडबडला असेल, काहीतरी झालं असेल. पण आता तुम्हाला कळलं आहे. बरणीत मिरची तुमच्या घरात आहे. काढा, ओल्या फडक्यावर घासा आणि मंडळाला लिहा की शेरा चुकला. शनिवारचा बाजार मोडायच्या आत लिहा.

आपला,
रुपराव


नागपूर,
१३ एप्रिल २०२५

प्रिय रुपराव यांस,

तुमचं पत्र वाचून मला अतिशय वाईट वाटलं. तुमच्या ताईपाशी मी अद्याप काही बोललो नाही, तिला रक्तदाबाचा त्रास आहे.

परंतु काही गोष्टी तुम्ही शांतपणे समजून घ्या. घरातली मिरची घासून बघणं हा पुरावा होत नाही. शेरा घरातल्या मिरचीवर नाही, फोटोवर आहे. फोटो मी काल संध्याकाळी मुद्दाम पुन्हा उघडला. कागद पिवळा-तांबूस आहे, रुपराव. रंगपट्टीवरचा पांढरा चौकोन मी त्याच्या शेजारी धरला. फरक लहान मुलालाही दिसेल. एकोणतीस वर्षं तहसील कचेरीत मी कागदावर जे दिसतं तेच लिहिलं. आता मेहुणा म्हणून शेरा बदलला तर बाकीच्या दहांनी काय करायचं?

एक विचारतो, रागावू नका. फोटो काढायच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर होता ना? मिरची उठून दिसावी म्हणून कोणी मजुराने तेलाचा किंवा रंगाचा हात तर फिरवला नाही? तसं असेल तर प्रांजळपणे लिहा. मी सचिव बापूजींना सांगून प्रकरण सौम्य करून घेईन.

आपला,
अनंत


भिवापूर,
२९ एप्रिल २०२५

श्री. नमुना तपासनीस साहेब, मिरची उत्पादक मंडळ, यांस,

पंधरा दिवस मी उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहीत होतो ते पोस्टात टाकण्यासारखं नव्हतं.

'प्रांजळपणे लिहा.' बारा वर्षं माझ्या घरचं तिखट खाऊन तुम्ही मला विचारता की मी रंग लावला का? आणि मजुरावर ढकलायची वाटही तुम्हीच काढून देता! सौम्य करून घेणार म्हणे. मला सौम्य नको. मी चोर असेन तर मला चोर म्हणा, नसेन तर माझं नाव पुसा.

बाजारात काय झालं ते ऐका. उमरेडच्या एक बाई दर वर्षी माझ्याकडून वर्षाची मिरची नेतात. या शनिवारी आल्या. पिशवीतून पांढरा रुमाल काढला, पाण्यात भिजवला आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी मिरची त्यावर घासली. रुमाल पांढराच राहिला. सगळ्या बाजाराने बघितला. तरी त्या म्हणाल्या, "रुपराव, राग नोका धरू. मले दिसून राह्यलं का रंग नाही. पण सुना आयकत नाहीत, यादीत नाव हाय म्हणतात." आणि शेजारच्या पालावर गेल्या. रुमाल पांढरा असून गेल्या, भाऊजी! तुमचा शेरा त्या रुमालापेक्षा मोठा ठरला.

आणि मला एक सांगा, तुम्ही एवढे हुशार. मी यादी नीट बघितली. एक ते तेहतीस सगळे प्रामाणिक. चौतीस ते चव्वेचाळीस सगळे चोर. मधे एकही साव नाही, अलीकडे एकही चोर नाही. चोर असे क्रमांक लावून रांगेत उभे राहतात का? आम्ही अकरा जण अकरा गावांचे, एकमेकांचं तोंड ओळखत नाही.

फोन करू नका, तुमचा फोन मी उचलणार नाही. येत्या सोमवारी, पाच तारखेला सकाळी, बियाण्याची सगळी रास कांडपावर नेतो आहे. बियांसकट. ज्या वाणाला त्याच्याच घरच्यांनी चोर ठरवलं तो मला पेरायचा नाही. त्या शेतात यंदा सोयाबीन.

रुपराव


नागपूर,
६ मे २०२५

प्रिय रुपराव,

कांडपावर जाऊ नका. गेला असाल तर जे उरलं असेल ते थांबवा.

चूक माझी आहे. तुमची मिरची स्वच्छ आहे. अकरांचीही स्वच्छ आहे.

तुमच्या पत्रातलं ते रांगेचं वाक्य डोक्यातून जाईना. काल मी दुपारी बाराला फोटो उघडला. आजवर तो मी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा संध्याकाळी. दुपारी मिरचीखालचा कागद पांढरा होता. अगदी धुतल्यासारखा. मी उठलोच नाही, तसाच बसून राहिलो. पाच वाजले, साडेपाच वाजले, बाहेर ऊन उतरलं तशी स्क्रीन मंद व्हायला लागली. आणि मंद होता होता पिवळी. इतकी हळूहळू की बघत बसलेल्या माणसालाही कळू नये. सात वाजता तोच फोटो, तोच कागद, तांबूस पिवळा. माझ्या हातातली पट्टी मात्र ट्यूबलाइटखाली पांढरी ती पांढरीच.

नूपुर ऑफिसातून आल्यावर तिला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मी सांगितलं होतं ना, अंधार पडला की रंगही बदलतो, निळा उजेड कमी होतो, डोळ्यांना बरं म्हणून. रंगाचं काम असेल तर ते बंद करून बसा, हेही सांगितलं होतं." सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. तेहतिसावा नमुना संपवून मी चहाला उठलो तेव्हा सव्वासहा झाले होते. चौतिसावा तुमचा.

सगळं आपोआप झालं, रुपराव. माझ्या मनात काही नव्हतं. मंडळाला आजच लिहितो आहे.

आपला अपराधी,
अनंत


भिवापूर,
१२ मे २०२५

भाऊजी,

सोमवारी सकाळी दहा वाजता सगळं कांडलं. अडीच मण मिरची, बियांसकट. सिंधू आडवी आली होती, तिलाही मी ऐकलं नाही. सोबत अर्धा किलो तिखट पाठवतो आहे. नीट बघा, त्यात पिवळे कण दिसतील. ते बी आहे.

आपोआप! तुमची स्क्रीन आपोआप पिवळी झाली, मान्य. सूर्य आपोआप मावळला, तेही मान्य. पण 'कृत्रिम रंग लावल्याचा दाट संशय' हे वाक्य आपोआप लिहिलं गेलं का? ते कोणी लिहिलं? 'दाट' हा शब्द कोणी घातला? मी पत्र लिहून सांगतो आहे की घरातली मिरची घासून बघा, आणि तुम्ही म्हणता तो पुरावा होत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून दोन हातांवर माझी मिरची होती आणि तुम्ही तिचा फोटो बघत बसलात. डोळे जपायला निघाला होतात, भाऊजी! जपून जपून काय बघितलं त्या डोळ्यांनी?

आणि आता शेवटचं. शुक्रवारी नूपुरचा फोन आला होता, तो मी उचलला. पोरगी रडत होती. म्हणाली, "मामा, मी ते लावून दिलं, माझी चूक झाली." मी म्हटलं, तुझी काय चूक, कधी कळलं हे? ती म्हणाली, बाबांना दोन तारखेलाच कळलं.

दोन तारखेला! तुम्ही लिहिता 'काल', म्हणजे पाच. दोनला माझं पत्र पोचलं, दोनलाच तुम्हाला कळलं, आणि मी पाचला कांडपावर गेलो. मधे तीन दिवस होते. तुमचा फोन उचलणार नाही असं मी लिहिलं होतं, ताईचा उचलला असता. तिने नुसतं "रुप्या, थांब" म्हटलं असतं तर मी थांबलो असतो. तुम्ही तिला सांगितलंच नाही.

शेऱ्याची चूक मी एक वेळ गिळेन. या तीन दिवसांचं काय करू ते सांगा.

रुपराव


नागपूर,
१९ मे २०२५

रुपराव यांस,

तुम्ही लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. दोन तारखेलाच कळलं होतं. तारीख मी खोटी लिहिली.

तीन दिवस काय केलं म्हणाल, तर मंडळातलं माझं नाव वाचवायची वाट शोधत होतो. बापूजींकडे दोनदा गेलो. ते म्हणाले, "अनंतराव, तांत्रिक बिघाड लिहून टाकू, कोणाचं नाव कशाले पाहिजे?" मलाही ते बरं वाटलं. आणि मनात म्हणत होतो, रुपराव तापट आहे, बोलतो पण करणार नाही. तुमच्या ताईला सांगितलं असतं तर तिच्यासमोर मी लहान झालो असतो. एवढंच कारण आहे, रक्तदाबाचं कारण खोटं होतं.

तिखटाची पुडी तिच्याच हातात पडली. तुमचं पत्रही तिने वाचलं. त्या दिवशी ती माझ्याशी तीनच शब्द बोलली. "उठा," म्हणाली, "बरणी काढा."

रुपराव, महाशिवरात्रीचा वानोळा तुम्ही बियाण्याच्याच राशीतून काढला होता. बरणीच्या तळाशी एकवीस मिरच्या निघाल्या. मी एकेक कानाशी धरली. एकोणीस वाजतात. दोन वाजत नाहीत, पण त्याही पाठवतो आहे. वानोळा परत करत नसतात, घेणाऱ्याने देणाऱ्याचा केलेला तो अपमान असतो, हे मला ठाऊक आहे. तुमचा आणखी एक अपमान करतो आहे. पिशवी मी स्वतः घेऊन येणार होतो, ताई म्हणाली, "तुम्ही नका जाऊ, मी जाते." मंगळवारच्या सकाळच्या बसने ती येईल.

सोबत मंडळाच्या नव्या यादीची प्रत आहे. अकराही नावं निर्दोष लिहिली आहेत आणि खाली लिहिलं आहे की चूक तपासनीस अनंत यांची आहे, यंत्राची नाही. ते वाक्य घातल्याशिवाय मी सही करणार नाही म्हटलं, तेव्हा घातलं. ते काम मी सोडलं. यादी बाजारात तुमच्या पालावर लावा, उमरेडच्या बाईंना वाचून दाखवा.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

अनंत


भिवापूर,
५ जुलै २०२५

भाऊजींना नमस्कार.

मिरच्या पोचल्या. ताईने पिशवी पुढे केली तेव्हा सिंधू दारात आडवी झाली, म्हणाली, "वानोळा वापस येत नसते वं, ताई. अपशकुन हाय." ताई ओसरीवर बसली आणि म्हणाली, "मंग मी बी इथंच बसतो. मलेही वापसच पाठवलं समज." तासाभराने सिंधूनेच पिशवी आत घेतली.

मृगाचा पाऊस आल्यावर बी वाफ्यात टाकलं. एकवीस मिरच्यांचं बी म्हणजे मूठभर. पाखरांनी नेऊ नये म्हणून सिंधूने तिचं जुनं लुगडं वर ताणलं. आज मोजली, चारशे बारा रोपं आहेत. तुम्ही लिहिलेल्या त्या न वाजणाऱ्या दोन मिरच्या मी वेगळ्या टाकल्या होत्या. त्यांतूनही सात आली. सोयाबीनच्या शेताचा एक कोपरा मोकळा ठेवला आहे, तिथे लावतो.

यादी पालावर लावली. उमरेडच्या बाई आल्या, यादी वाचली आणि पिशवी पुढे केली. द्यायला माझ्याकडे मिरचीच नव्हती.

राग गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. बाकीचे दहा जण मला विचारतात, तो तपासनीस अनंत कोण गा? मी अजून सांगितलं नाही की आमच्याच घरचा जावई आहे. ते तुमच्यासाठी नाही, ताईसाठी.

रोपं जगली तर महाशिवरात्रीला वानोळा येईल. दर वर्षी येतो तसाच, कमी असेल. मी आणणार नाही, कोणाच्या तरी हाती पाठवीन. पिशवी सकाळी उघडा, अंगणात, उन्हात. आणि मिरची हातात घेऊन बघा.

रुपराव